पंचनाम्याच्या यादीत आपली वस्ती कुठे आहे?

एप्रिल-मे महिन्यात अवकाळीचं वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. नुकसानीचे तातडीने पंचनामे करण्याचे आदेश प्रशासनाला देण्यात आले आहेत, एकही नुकसानग्रस्त मदतीपासून वंचित राहणार नाही, वगैरे. सोबत फोटो. बांधावर उभे असलेले साहेब, शेजारी पांढऱ्या कपड्यातला पुढारी, समोर आडवा झालेला मका किंवा आंब्याखाली पडलेला कैऱ्यांचा सडा. गेल्या दहा-बारा वर्षांतले असे फोटो आठवून पाहा. त्यात बौद्धवाड्यातलं उडालेलं छप्पर किती वेळा दिसलं?

‘वारा काही जात बघून वाहत नाही’ हे वाक्य आम्हाला गावागावात ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्याचा सूर असा, की निदान इथे तरी तुमची जात मध्ये आणू नका. वारा जात बघत नाही, हे आम्हाला कबूल आहे. पण वारा गेल्यावर जो माणूस वही घेऊन येतो तो सातबारा बघतो, नमुना ८ बघतो, घर गावठाणात आहे की गायरानावर ते बघतो. आणि या कागदांत जात फार पूर्वीच लिहून झालेली आहे. जमीन कुणाकडे आली आणि कुणाकडे आली नाही, गावठाणात कुणाला जागा मिळाली आणि ओढ्यापलीकडे कुणाला, हे काही गेल्या आठवड्याच्या वादळाने ठरवलेलं नाही.

आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षं मराठवाड्यात वादळ, गारपीट झाली की वस्त्यांवर फिरतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची ती भयंकर गारपीट अनेकांना आठवत असेल. त्या वेळी शेतातल्या नुकसानीवर पानंच्या पानं छापून आली, आणि ती यायलाच हवी होती. शेतकऱ्याचं नुकसान खोटं आहे असं आम्ही कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. आपल्यातही दोन-तीन एकरवाले आहेत, त्यांचंही पीक झोपतं. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्याकडे शेत नाही त्याच्याकडे वादळाने मोडण्यासारखं काहीच नव्हतं, असं कुणी ठरवलं?

एका वस्तीतला प्रसंग सांगतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या लोकांना तिथेच राहायचं आहे. गायरानाच्या कडेला बौद्ध आणि मातंग समाजाची घरं. विटांच्या अर्धवट भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड ठेवलेले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वावटळीसारखा वारा फिरला आणि एका आजीच्या घरावरचे पत्रे आडूसकट उचलून ओढ्यापलीकडच्या मोसंबीच्या बागेत नेऊन टाकले. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. आधी बागेत गेली. झाडं मोजली, मोडलेल्या फांद्या पाहिल्या, फोटो काढले. आजीचे पत्रे तिथेच झाडांमध्ये पडलेले होते, ते ओलांडूनच मोजणी झाली. मग वस्तीकडे आल्यावर आजीला पहिला प्रश्न, घर कुणाच्या नावावर आहे? सासऱ्यानं बांधलं, ती म्हणाली. कागद आहे का? त्यावर आजीचं उत्तर आमच्या अजून लक्षात आहे: "कागद वाऱ्यानं नेला असं लिहा साहेब, पत्र्याबरोबर." साहेब हसले. शेरा मात्र पडला तो अतिक्रमणाचा.

आता तो कर्मचारी दुष्ट होता असं आम्हाला वाटत नाही. त्याच्याकडे आठ-दहा गावं, वरून रोज फोन, दोन दिवसांत अहवाल द्या म्हणून. त्याने नियमाप्रमाणेच केलं. म्हणूनच माणसापेक्षा नियमाकडे बघायला हवं.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत कशी द्यायची याचे निकष केंद्राचं गृह मंत्रालय ठरवतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे निकष आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावेत. घर पूर्ण नष्ट झालं तर सपाट भागात १,२०,००० रुपये. पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान असेल तर ६,५००. कच्च्या घराचं अंशतः नुकसान असेल तर ४,०००. झोपडीला ८,०००. राज्य सरकार अधूनमधून स्वतःच्या तिजोरीतून दर वाढवतं, पण मूळ साचा हाच. वस्तीतल्या घरात भिंत छातीएवढी आणि बाकी सगळा संसार पत्र्याच्या भरवशावर असतो. पत्रे गेले, वासे मोडले, भांडी चेपली, धान्य भिजलं, पोरांची पुस्तकं भिजली, तरी भिंत उभी आहे ना? मग ‘अंशतः’. मोजणाऱ्याच्या लेखी घर म्हणजे भिंत. राहणाऱ्याच्या लेखी घर म्हणजे छप्पर. ४,००० रुपयांत किती पत्रे येतात ते तालुक्याच्या दुकानात जाऊन विचारा, आणि त्यात वासे, नट-बोल्ट आणि मिस्त्रीची मजुरी धरा.

याच निकषांत एक बारीक ओळ आहे. नुकसान झालेलं घर अधिकृत बांधकाम असावं आणि तसा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला असावा. ओळ वाचायला किती निरुपद्रवी वाटते! पण गायरानावरच्या, वन जमिनीकडेच्या, रस्त्यालगतच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वस्त्या या एका ओळीने यादीबाहेर जातात. ज्या राज्यात दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो माणसं तुरुंगात गेली, जिथे १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तिथेच आजही ती जमीन कसणाऱ्याच्या सातबाऱ्याचा प्रश्न लोंबकळत आहे. सरकार कागद देत नाही आणि वादळ आलं की तोच कागद मागतं.

कपडे आणि भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपये कुटुंबाला मिळू शकतात. पण कधी? घर वाहून गेलं असेल, पूर्ण पडलं असेल किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर. अर्धा तास वारा आणि मुसळधार पाऊस येऊन गेला तर ज्वारीचं पोतं भिजत नाही, असा त्यामागचा हिशोब असावा. आणि मजुरी? गारपिटीने शेत गेलं की मालकाला हेक्टरी मदत मिळते, कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,०००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. त्या शेतात पुढचा महिना काढणीला जाणाऱ्या बाईचा महिना कुठे धरला आहे? बटईने करणाऱ्याने बियाणं-खत स्वतःच्या उधारीवर घातलेलं असतं, पैसे मात्र खातेदाराच्या खात्यावर जमा होतात. पुढे त्यातले किती बटईदाराच्या हातावर पडतात हे खातेदाराच्या मर्जीवर. उपजीविका गेलेल्या कुटुंबांसाठी निर्वाह मदतीची तरतूद निकषांत आहे बरं का. आपल्या गावात अवकाळीनंतर ती कुणाला मिळाल्याचं ऐकलंय का, हे एकदा विचारून बघा.

मृत्यू मोजला जातो, एवढं खरं. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळी वाऱ्यात कडुनिंबाचं झाड टिनाच्या शेडवर कोसळलं आणि सात माणसं गेली. राज्यभर बातमी झाली. मृताच्या वारसांना ४ लाखांचा निकष आहे. म्हणजे पत्र्याखाली राहणाऱ्याची व्यवस्थित नोंद व्हायची असेल तर त्याने मरावं लागतं.

हे फक्त आपल्याकडच्या ढिसाळपणामुळे होतं असं कुणाला वाटेल. म्हणून जिथे वादळाचं नुकसान मोजण्याचं शास्त्र सगळ्यात पुढे गेलं आहे त्या अमेरिकेकडे जरा बघू. तिथे मेघगर्जनेच्या मोठ्या वादळांतून टोर्नेडो म्हणजे चक्री वावटळ तयार होते. ती एवढी छोटी, वेगवान आणि विध्वंसक असते की तिचा वेग सहसा कुठल्या यंत्रात सापडत नाही. म्हणून हवामान खात्याची माणसं दुसऱ्या दिवशी गावात फिरतात आणि काय, किती मोडलं यावरून वाऱ्याचा वेग ठरवतात. ही पद्धत टेड फुजिता या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडली. २००७ पासून तिची सुधारित आवृत्ती वापरतात, ईएफ-० ते ईएफ-५. त्यात २८ प्रकारच्या वस्तू ठरवल्या आहेत: घर, शाळा, दुकान, गोदाम, झाड, विजेचा खांब. प्रत्येकाच्या मोडण्याच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वाऱ्याचा अंदाजी वेग.

शास्त्र म्हणून ही पद्धत प्रामाणिक आहे. पण तिच्या पोटात काय आहे बघा. नीट बांधलेलं घर पायापासून साफ झालं तर वेग साधारण ताशी ३२० किलोमीटर धरतात. तिथल्या गरिबांची जी कारखान्यात तयार केलेली, गाडीवरून आणून ठेवलेली हलकी घरं असतात, ती पार चक्काचूर होऊन उडून गेली तरी त्यावरून साधारण ताशी २०० किलोमीटर, म्हणजे ईएफ-२. त्याहून जोराचा वारा आला असेल तरी ते घर साक्ष देऊ शकत नाही, कारण ते आधीच संपलेलं असतं. आणि मोडायला काहीच नसेल तर? ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडो झाला. फिरत्या रडारने त्यात ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेग टिपला. आधी त्याला ईएफ-५ म्हटलं गेलं, पुढे अधिकृत नोंद झाली ईएफ-३ अशी. वाटेत बहुतेक उघडं रान होतं, त्या प्रतीचं नुकसान सापडलं नाही.

आम्हाला यातून एवढंच घ्यायचं आहे. नुकसानीवरून वादळ मोजायचं म्हटलं की कुणाकडे काय होतं हेच आधी मोजलं जातं. तिथला हवामानवाला निदान कबूल करतो की आम्ही नुकसानीवरून वाऱ्याचा अंदाज करतो. आपला पंचनामा मालमत्तेचा कागद मोजतो आणि त्यालाच माणसाचं नुकसान म्हणतो. तिकडे टोर्नेडोत घरात असताना जीव गमावणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं अशाच हलक्या घरांतली असतात. समाजशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘असुरक्षितता’ असं एक गुळगुळीत नाव आहे. आपल्याला दुसरी नावं माहीत आहेत.

आणि मदतीचं तिथे काय होतं? अलाबामाच्या हेल काउंटीत मार्च २०२१ मध्ये टोर्नेडो झाला. काळ्या कुटुंबांची घरं गेली. पण ती जमीन आजोबा-पणजोबांकडून तोंडी चालत आलेली, वाटणीचा कागद नाही. सरकारी मदत यंत्रणेने मालकीचा पुरावा मागितला आणि अर्ज फेटाळले. आजीचा कागद वाऱ्याने नेला होता, यांचा गुलामगिरीनंतरच्या दीडशे वर्षांनी. वर्तमानपत्रांनी हे लावून धरलं, टीका झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या यंत्रणेला नियम बदलावा लागला. इतर पुरावे चालतील, काहीच नसेल तर स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालेल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिथूनच घेतलं. मग मालकीच्या कागदाविना मदत मिळवण्याची ही गोष्टही तिथून घ्यायला काय हरकत आहे?

‘आपत्तीत सगळे समान’ म्हणणाऱ्यांसाठी घरचंच उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. जमीन सगळ्यांच्या पायाखालची सारखीच हलली. पुनर्वसनात घरं मात्र जमीनधारणेप्रमाणे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरच्या वरच्यांना ७५०. सरकारने नव्या गावात जुनी उतरंड फुटपट्टीने आखून दिली. भूमिहीनाच्या घरात माणसं कमी असतात काय?

आता पंचनामा या शब्दाकडे येऊ. त्यात पंच आहेत. कोण असतात ते? आम्ही पाहिलेल्या कागदांवर सह्या असतात त्या सरपंचाच्या, पोलीस पाटलाच्या, एखाद्या बागायतदाराच्या, सोसायटीच्या चेअरमनच्या. वस्तीतलं कुणी असलंच तर वाट दाखवायला असतं. यातला विरोधाभास आपल्या आजोबांना लगेच कळला असता. वतनी महाराच्या कामांत गावची शीव राखणं होतं. शिवेचा तंटा झाला की हद्द कुठून जाते हे त्याने सांगायचं आणि त्याची साक्ष मानली जायची. ते वतन म्हणजे गुलामी होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. शेवटी १९५८ च्या कायद्याने ती वतनं गेली, बरं झालं. पण गंमत बघा. गावाला दुसऱ्याच्या जमिनीची हद्द दाखवायला आपली साक्ष चालत होती, आणि आपल्याच घराचं छप्पर उडालं हे सांगायला आज आपली साक्ष चालत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी पैशाची नाही. वस्तीचा पंचनामा वस्तीतल्या पंचांच्या सहीशिवाय पूर्ण धरू नये, आणि त्यात निदान एक बाई असावी, कारण घरात काय होतं ते तिलाच माहीत असतं. यादी अंतिम होण्याआधी ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी आणि वस्तीत वाचून दाखवावी. मालकीच्या कागदाऐवजी वहिवाटीचा पुरावा धरावा. वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादी, नमुना ८ वरची नोंद, घरपट्टीची पावती. घरपट्टी घेताना तुम्हाला घर अतिक्रमणात दिसत नाही, मग मदत देताना कसं दिसतं? आणि यातलं काहीच नसेल तर प्रतिज्ञापत्र. बटईदाराचीही तशीच नोंद व्हावी. छप्पर पूर्ण गेलेलं घर ‘अंशतः’ या रकान्यात टाकू नये.

इथे आपल्याच काही मित्रांशी दोन शब्द. पंचनामा, अर्ज, पोच ही कारकुनी कामं आहेत, चळवळीने मोठे प्रश्न घ्यावेत, असं आम्हाला ऐकवलं जातं. मोठे प्रश्न म्हणजे काय? जमिनीचा प्रश्न मोठा की नाही? वादळानंतरचा पंचनामा हा जमिनीच्या प्रश्नाचा वर्षातून एकदा दारात येणारा कागद आहे. त्यावर वस्तीची नोंद झाली तर उद्या गायरानाच्या दाव्यात तोच सरकारी कागद वहिवाटीचा पुरावा म्हणून समोर ठेवता येईल. आणि झाली नाही, तर वस्ती तिथे नव्हतीच असं म्हणायला कुणीही मोकळं. हटवण्याच्या नोटिसा आल्यावर मोर्चा काढायचा, आणि त्याआधी जो कागद आपल्या बाजूने तयार होऊ शकत होता त्याच्याकडे पाठ फिरवायची, ही रीत आता बास झाली. दुसरी रीत ताडपत्री आणि ब्लँकेट वाटून फोटो काढण्याची. ताडपत्री द्यावी, पाऊस थांबत नसतो. पण ताडपत्री देणाऱ्याच्या दुसऱ्या हातात वही का नसावी?

अवकाळीचे दिवस आणि जयंतीचे दिवस एकच असतात. १४ एप्रिलला मांडव उडाल्याचे किस्से तर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्या वेळी वस्तीतली सगळी पोरं गावात असतात, पुण्या-मुंबईची सुद्धा, आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. वर्गणीतून एक जाड वही, एक मोजपट्टी घ्या. वादळाच्या आधीच प्रत्येक घराचा समोरून, आतून आणि छताचा फोटो घरच्या माणसासह काढून ठेवा. ठिकाण आणि तारीख नोंदणारी सोय मोबाइलमध्ये असते, ती चालू करा. वहीत घरटी एक पान: लांबी-रुंदी, पत्रे किती, भिंत कशाची, कोणकोण राहतं, कधीपासून, कुठले कागद आहेत. वादळानंतर त्याच जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढा. पत्रे दुरुस्त करायची घाई असते, समजतं, पण फोटो आधी. पत्रा दुसऱ्याच्या शेतात सापडला तर तिथेच त्याचा फोटो घ्या आणि घरापासूनचं अंतर लिहा. भिजलेलं धान्य मोजून लिहा. शिलाई मशीन, बॅटरी, बॅण्ड पथकाची वाद्यं, शेळी, कोंबड्या, पोटापाण्याची प्रत्येक वस्तू लिहा. बुडालेल्या मजुरीसाठी कुणाच्या शेतावर किती दिवसांचं काम ठरलं होतं तेही लिहा.

पीकविम्यासाठी ७२ तासांत कळवायचं असायचं तेव्हा ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं, कारण कुणीतरी ते पुन्हा पुन्हा सांगितलं. घराच्या नुकसानीचंही आपण तसंच करू. वादळानंतरच्या दुसऱ्या दिवशी वहीची झेरॉक्स आणि फोटो जोडून तहसीलदारांच्या नावे एकत्रित अर्ज, प्रत गटविकास अधिकाऱ्याला, प्रत ग्रामपंचायतीला. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, अर्जात तेच लिहा, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतील. यादीतून नाव गळलं तर माहिती अधिकारात आपल्या गावच्या पंचनाम्यांच्या प्रती मागा, सह्या कुणाच्या आहेत ते बघा आणि त्या वस्तीत मोठ्याने वाचा. टेबलापलीकडचा माणूस ‘ठेवून जा’ म्हणेल. ठेवून यायचं नाही. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडेपर्यंत तिथेच बसून राहायचं.